आठ नंबरची जोडी

न्हाय न्हाय, ती जोडी ठेवा खाली. ती सोडून काय बी मागा. — का म्हणजे? विकलेली हाय ती. तिचा मालक येतोच हाय दिवस मावळायच्या आत. अहो, नळदुर्गात ह्या शंकरप्पाच्या दुकानात बुटांना तोटा हाय व्हय? बघा की, पत्र्यापासनं पायरीपर्यंत नुसते बूट. सगळा कंडम माल. आता कंडम म्हणलं की तुमी शहरातली माणसं नाक मुरडता, पर कंडम म्हणजे मिलिट्रीनं नको म्हणलेलं, पायानं नको म्हणलेलं न्हवं. तिकडं सिकंदराबादेला लिलाव होतो, गठ्ठाच्या गठ्ठा उचलायचा, आत काय निघंल ते आपलं नशीब. एका गठ्ठ्यात तर सगळे डावेच निघाले — खोटं न्हाय सांगत — एक उजवा न्हाय! काय केलं आसंल मी? अणदूरला खंडोबाच्या जत्रंत नेऊन बसलो आन सांगितलं, उजवे पुढच्या जत्रंला येणार हायेत. गेले की सगळे! आजून लोक भेटले की इचारतेत, शंकरप्पा, उजव्याचं काय झालं? — आता हसलात. बसा, त्या खोक्यावर बसा. आन ती जोडी... हां, द्या हिकडं. माझ्याजवळच राहू द्या.

तर, बूट पाहिजेत कशाला? कारण बूट निवडायचा म्हणजे आधी वाट इचारावी लागती. खडी फोडायचा बूट येगळा, ट्रक हाकायचा येगळा. मागं आमच्या हिकडच्या आण्णासाहेबांनी साखर कारखान्याचे शेअर गोळा करायला म्हणून नेले होते — नाल मारलेले, हे आसले. गावोगाव हिंडले. आता पुढं आसं झालं, की दुरून टाचंचा खण्ण आवाज आला की सबंध गाव ज्वारीत जाऊन बसायचं. औंदा तर ज्वारी बी न्हाय, लोक कुठं लपत आसतील देव जाणं. — हां, तुमी बोला. कशाला म्हणलात?

पाखरं?

पाखरं बघायला? धरायला न्हाय, मारायला न्हाय — नुसती बघायला? फुकट? — हौस. बरं बरं, हौस. आसती एकेकाला. माळढोक बघायला माळावर हिंडता... साहेब, राग मानू नका, पर सबंध जिल्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडतोय, जनावरं छावणीत बांधलीत, सरकारी सुकडी खाऊन पोरं जगतेत, आन ह्या आसल्या साली सोलापूरहून माणूस येतो आन म्हणतो मला माळावरचं पाखरू बघायचंय. दुसरा कोणी आसता तर त्याला संशय आला आसता. मला न्हाय हो! मला कशाला यील? केस बारीक, खाकी पँट, गळ्यात दुर्बीण — आता दुर्बिणीशिवाय पाखरू दिसंल का? न्हाय दिसायचं. तेबी खरंच हाय.

हे घ्या, हे बघा आधी. आम्युनिशन बूट. उचला — जड हाय का न्हाय? तळाला खिळे, टाचंला लोखंडी नाल. चामडं आसं की पायाला चार महिने चावंल, मग जलमभर चावणार न्हाय. पर तुमच्या कामाचं न्हाय हे, मीच सांगतो. आपल्या किल्ल्याच्या फरशीवर ह्याचे खिळे बर्फावानी सरकतेत, आन माळावर चाललात तर तुमचं पाखरू आवाज ऐकून थेट हैदराबादेला जाऊन बसंल. त्यापेक्षा हे जंगल बूट. कापड आन रबर. हलके, भिजले तर लगेच वाळतेत — औंदा भिजायचं सोडाच म्हणा. ह्यात एकच बघायचं: रबर वाकवायचं, आसं, पुढनं. बारीक तडा दिसला की फेकून द्यायचा, मग मी कितीबी शपथ घेऊ द्या. आन आतनं हात घालून तळ चाचपायचा. सराट्याचा काटा आतनं लागला तर पाखराच्या आधी तुमीच उडाल. — घाला. मोजा घालून घाला, जाडा मोजा, उघड्या पायानं बूट बघणारा माणूस घरी जाऊन रडतो. बोटाच्या पुढं आंगठाभर जागा राहिली पाहिजे, उतरणीला बोटं पुढं येतेत ना. टाच उचलून बघा. उचलती? मग न्हाय बरोबर.

हा घ्या मग. हा गोव्याला जाऊन आलेला बूट हाय. समुद्र बघितलाय ह्यानं. कान लावा आत — लावा की! — लाट ऐकू येती का न्हाय? गावातली म्हातारी माणसं येतेत माझ्याकडं दुपारची, नुसता कान लावून बसतेत, तेवढंच पाण्याचं समाधान. — नको? घट्ट होतोय? बरं. मग ही जोडी. ह्यात डावा हाय कर्नलचा आन उजवा त्याच्या डायवरचा, म्हणून डावा जरा पुढं पुढं करतो, पर सवय होती...

साहेब, तिकडं काय बघताय? ती जोडी मी मागं ठेवलीया ती ठेवलेलीच राहू द्या की. — मऊ हाय, व्हय. पॉलिश हाय, व्हय. शिवण एक सुटली न्हाय. दिसतंय मला बी. बूट पायात जिता आसला की आसाच दिसतो, हे बाकीचे सगळे मेलेले बूट. तुमचा डोळा चांगला हाय. लईच चांगला हाय. माळढोकावर बसवलाय तो तिथंच ठेवा.

थांबा, पाणी पिता का? — रुद्रव्वा! नीर तगोंड बा! — पाणी आण म्हणलं, घरात कानडी चालतं आमच्या, आमी लिंगायत. आमच्यात चामड्याला हात लावलेला बी चालत न्हाय, थोरला भाऊ मला अंगणात बसवून चहा देतो. पर आता शेतात पिकंना म्हणल्यावर — रुद्रव्वा! होरग बरब्याड अन आवग! — काय न्हाय, काय न्हाय, पाणी थंड आण म्हणलं तिला, माठातलं...

काय म्हणलात?

पुन्ना म्हणा. — 'यारू'? 'कोणाला बाहेर येऊ नको म्हणलं', आसं?

कानडी येतं तुमाला. — अक्कलकोटला आजोळ. लहानपणापासनं. वा. वा वा. बरं झालं की, आपलंच माणूस निघालात. कोण म्हणजे — कोंबडा! कोंबडा हाय हो आत. गिऱ्हाइकाच्या पायाला चोची मारतो, म्हणून त्याला आत कोंडलाय. कोंबड्याला कानडीच कळतं, अक्कलकोटकडनंच आणलाय, मराठीत सांगितलं तर नुसता मान वाकडी करून बघतो. ही आली रुद्रव्वा, माझी बायको. घ्या पाणी. सबंध तांब्या देत न्हाय म्हणून राग मानू नका, टँकर यायचाय. — हां, तो? तो आवाज... कोंबडाच. खोकला. धुरळा किती हाय बघताय न्हवं रस्त्यावर, दिवसभर ट्रक, माणसाला खोकला येतो, कोंबड्याला का येऊ नये?

तुमी हसत न्हाय. मघाशी हसलात, आता हसत न्हाय.

बरं, सांगतो. ती जोडी माझ्या पोराची हाय. वीरभद्र त्याचं नाव. मिलिट्रीत हाय, बेळगावला भरती झाला. आता पार तिकडं, काश्मीरला हाय. बर्फात. परवाच कागद आला, अप्पा लई थंडी हाय म्हणून. — बूट? बूट हितं कसे म्हणजे... सरकार दोन जोड्या देतं. एक बर्फाची आन एक... घरची. आसामात बर्फ कुठं आसतो तवा — काश्मीर म्हणलो व्हय मी? मग काश्मीरच. बदली झाली मधी. आईला आठवण नको का, म्हणून बूट ठेवून गेला. रोज पॉलिश करतो — करते, आई करते. पहाटे उठून. एका रेषंत ठेवते, नाड्या आत खोवून. बापानं पोराचे बूट विकावेत का, तुमीच सांगा? म्हणून तर म्हणतोय, नको. दुसरं काय बी न्या, पैशाचं मागनं बघू, जंगल बूट तर आसेच न्या —

आता काय करताय! काढा! साहेब, न इचारता पाय घातलात की तुमी! काढा ते — आसं काय करता — नुसतं बघतो म्हणजे? पाखरू हाय व्हय ते नुसतं बघायला! — बसला. बसला न्हवं का. आगदी बसला. तुमचं तोंडच सांगतंय. पाय आत घातल्या घातल्या चाललात की, आता उंबऱ्यापर्यंत जाऊन बघताय. माळावर आस्सं चालावं वाटंल, व्हय. खरं हाय. मला ठाऊक हाय तो बूट कसा हाय.

काय इचारलंत? पुन्ना इचारू नका — नंबर? ह्याचा नंबर काय, म्हणून इचारताय?

हळू. हळू बोला. बसा खाली, मी सांगतो. पाखरं न्हायत न्हवं? मला मघाशीच कळलं होतं, दुर्बीण बघूनच कळलं. परवा अणदूरला घरी पोलीस येऊन गेले, साध्या कपड्यात एक आन खाकीत एक, तवा म्हणलं वीरभद्र न्हाय आला हो, महिना झाला कागद न्हाय. आन त्याच रात्री त्याला हितं आणला. बूट इथं ढिगात टाकले. म्हणलं बुटात बूट कोण बघतंय. तुमी येऊन पहिला हात त्याच्यावरच घातलात. त्याचा मिलिट्रीतला नंबर त्यानं आतनं खरवडलाय, चाकूनं, तुमाला दिसायचा न्हाय. पर मी सांगतो सगळं, फक्त त्याला बेड्या घालू नका, रस्त्यानं नेऊ नका तसं. हे सबंध नळदुर्ग त्याला ओळखतंय, भरती झाला तवा हलगी लावून पोचवलाय त्याला मोटारीपर्यंत.

भिऊन पळून न्हाय आला तो. रजेवर आला. रीतसर, कागद घेऊन. मी विहीर खोल करायला काढली होती, सुरुंग लावत होतो. त्याची जायाची मोटार सकाळची, आन आदल्या दिवशी तळाला जरा ओल दिसली. म्हणला, अप्पा, चार दिवस थांबतो, पाणी लागलेलं बघतो आन जातो. मी म्हणायला पाहिजे होतं जा. म्हणलो थांब. मलाबी वाटलं, पोराच्या हातनं लागू दे पाणी. चार दिवस सुरुंग लावला. मग आणखी. पाणी लागलं न्हाय, रजा मात्र संपली. आन साहेब, काय सांगू, चार दिवसांचा उशीर झाला आन मग त्या उशिराचीच भीती झाली. रोज सकाळी ट्रंक भरायची, बूट पुसायचे, समोर ठेवून बसायचं. घालायचे न्हायत. म्हणायचं, उद्या. काल गेलो आसतो तर बरं झालं आसतं, आज जाऊन काय सांगू? दुसऱ्या दिवशी तेच. रुद्रव्वा रडून रडून त्याला अडवती ते येगळंच. सास्तूरला एक म्हातारे सुभेदार हायेत, त्यांच्या पाया पडून इचारलं मी, कोणाचं म्हणून न्हाय, आसंच आपलं. म्हणले, आपल्या पायानं गेला तर शिव्या खाईल, कोठडीत बसंल, पगार कापतील, पर पलटणीत राहील. धरून नेला तर सगळंच गेलं. मी वीरभद्राला सांगितलं ते. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. गोष्टी सांगितल्या, खोट्या सांगितल्या, एक जवान वर्षानं परत गेला तर त्याला कर्नलनं मिठी मारली म्हणून सांगितलं. तो म्हणतो, अप्पा, तू डाव्या बुटाची गोष्ट बी आशीच सांगतोस.

आता काय झालं? आसं काय बघताय माझ्याकडं? — काय दाखवताय तळाला?

आकडा. तळाला छापलेला आकडा. घासून गेलाय, वाचता येईना, म्हणून इचारलंत. नंबर म्हणजे... मापाचा नंबर?

पायाचा नंबर!

अरे देवा! साहेब — नंबर! आठ! आठ नंबरची जोडी हाय ती, आठ! बुटाचा नंबर इचारत होता हो हा माणूस! मी आपला — नंबर म्हणलं की मला — अहो, नंबर काय म्हणून कोणी आसं इचारतं का, जोरात, मिलिट्रीवानी! 'नंबर काय!' जीव गेला आसता माझा. म्हणजे तुमी खरंच पाखरांचे? शाळंत मास्तर? आन हे सगळं मी तुमाला... तुमी कोणाला सांगणार न्हाय, न्हाय ना? अक्कलकोटच्या स्वामींची शपथ घ्या. नंबर! बुटाचा नंबर —

... वीरभद्रा.

वीरभद्रा, तू कशाला आलास बाहेर?

...

गेला आत. ट्रंक आणायला गेला. साहेब, हलू नका. बघितलंत न्हवं, कसा उभा राहिला ते? त्या गोणपाटाच्या पडद्यामागं त्याला काय ऐकू आलं आसंल? नंबर काय, नंबर काय — तुमी एकदा, मी चारदा, बाकीचं ट्रकांच्या आवाजात बुडालं. आला आन टाचा जुळवल्या. आनवाणी पायाच्या टाचा. नंबर सांगितला, नाव सांगितलं, पलटण सांगितली, आन तुमच्या पायाकडं बघत राहिला, त्याचे बूट तुमच्या पायात. तुमी तोंड उघडत होता, मी तुमचा हात दाबला. लागला का? माफ करा. पर बघितलंत का तुमी त्याचं तोंड? कितीतरी दिवसांनी माझं पोरगं मला उभं राहिलेलं दिसलं.

ऐका, लई येळ न्हाय, ट्रंक त्याची भरलेलीच आसती. तुमी सोलापूरला चाललात. मोटार आत्ता येती, हैदराबादकडनं. तुमी फक्त त्याच्या शेजारी बसायचं. मास्तर हाय म्हणायचं न्हाय, पाखरांचं नाव काढायचं न्हाय. तुमी काहीच म्हणायचं न्हाय, तुमी धरायला आलेला साहेब हाय आसं तो आपोआप समजून चाललाय. सोलापूर टेसनात बेळगावचं तिकीट त्याच्या हातात पडलं, गाडीत बसला, गाडीनं शिट्टी दिली, की मग सांगा त्याला. खिडकीतनं सांगा. म्हणावं, मी कोणी न्हाय रे बाबा, मी बूट घ्यायला आलो होतो, तू आपल्या पायानं आलायस. आसं म्हणा. ह्याच शब्दात. तिथं गेल्यावर त्याला तेच सांगता आलं पाहिजे, आन ते खरं आसलं पाहिजे. मी आजवर जेवढं बोललो त्यात तेवढं एक खरं होईल.

आन समजा उतरला गाडीतनं? उतरू दे. मग त्याचं तो बघंल. पर सोलापूरपर्यंत न्या हो.

काढा ते बूट. आन हे जंगल बूट घाला तुमी, हे, मघाचे, तडा न्हाय त्याला, मी शपथ घेऊन — न्हाय, शपथ न्हाय घेत, वाकवून दाखवतो, बघा. घाला. चपलंतला साहेब कुठं आसतो का? दुर्बीण राहू द्या गळ्यात, ती शोभती. पाठ ताठ. आसं न्हाय, शाळंत उशिरा आलेल्या पोराकडं बघता तसं बघा. हां. आस्सं. — पैसे? गप बसा, पैसे काढू नका, साहेब लोक पैसे देत न्हायत.

रुद्रव्वा, अळब्याड, रडू नको. आत जा. त्याला दिसू नको.

ये, वीरभद्रा. ठेव ट्रंक. साहेबांनी तुझे बूट बघितले, ठीक हायेत म्हणले. घाल. खोक्यावर बस आन नीट घाल. — डावी नाडी सैल हाय. पुन्ना बांध. गाठ पक्की बसली म्हणजे झालं. — मी न्हाय येत मोटारीपर्यंत. गिऱ्हाईक येतंय कोणी, दुकान कसं सोडू?

तो बघा धुरळा. आली मोटार. उठा साहेब.

वीरभद्रा, साहेब लई कमी बोलतेत. वाटंत त्यांना काय इचारू नको.

जावा. जावा म्हणलं न्हवं — मला दुकान आवरायचंय.